हलवलेला पाय

घाटंजी तालुक्यात दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती आणि लग्नांच्या कमानी रंगवून कपिल पेंटरनं नाव कमावलं होतं. यवतमाळात चित्रकलेचा डिप्लोमा केल्याचं तो कुणी न विचारताच सांगायचा. तिजेच्या सणाआधी समाजमंदिराच्या भिंतीवर नाचणाऱ्या बाया काढायला बंजारा तांड्याच्या नायकानं, देवसिंगनं, बोलावलं तेव्हा हे काम त्याला हातचा मळ वाटलं. खाली कोपऱ्यात आपलं नाव किती मोठं टाकायचं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता.

पहिली बाई त्यानं मोबाइलवरचा फोटो पाहून काढली. फेटिया घागऱ्याचा घेर, त्यावरचे आरसे, उडणारी ओढणी, सगळं झकास. फोटोत पाय घेराखाली झाकलेले होते, ते त्यानं अंदाजानं ठोकून दिले. पण या तांड्यातल्या बायांची चित्र पाहायची रीतच न्यारी. चित्रातली बाई जशी उभी, तसं स्वतः उभं राहून पाहायचं. म्हातारी लालीबाई पुढं झाली, तसाच पाय उचलला, तशीच कंबर वळवली आणि भेलकांडून शेजारणीच्या अंगावर गेली.

"हे बाई पडते, पेंटरबापू," ती म्हणाली.

बाया पदरात तोंड घालून हसल्या. तेवढ्यात देवसिंगची पुतणी संगीता चुलीतला विझलेला कोळसा घेऊन आली आणि बाजूच्या मोकळ्या जागेत तिनं सरसर दुसरी बाई काढली. सगळा भार वाकलेल्या डाव्या पायावर, कंबर त्याच बाजूला गेलेली, उजवा खांदा खाली आणि डोकं बरोबर पायाच्या वर. लालीबाई तशी उभी राहिली ती राहिलीच. वरून तिनं तशाच एका पायावर तंबाखूची चिमूट मागितली.

देवसिंगनं तिथंच निवाडा केला. बाया संगीता काढणार, रंग कपिल भरणार, आणि भिंतीवर नाव बाया काढणाऱ्याचं.

कपिलच्या अंगाचा तिळपापड झाला. बारावी नापास पोरगी, जिनं कधी ब्रश धरला नाही, तिच्या रेघांत आपण रंग भरायचा? कहर म्हणजे तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. काढायची आणि हात झटकून निघून जायची. आपण दहा वर्षं घासूनही जे आलं नाही ते हिला नाचता नाचता कसं आलं, हा काटा त्याला जेवू देईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा तांडा निंदणाला गेला होता. कपिलनं ओलं फडकं घेतलं आणि संगीतानं काढलेल्या बाईचं कमरेखालचं अंग पुसलं. पाय चार बोटं पुढं सरकवला, कंबर थोडी सरळ केली आणि वरून लालभडक रंग भरून टाकला. खाली काय होतं ते आता कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

संध्याकाळी लालीबाई उभी राहायला गेली आणि डगमगली. सगळ्यांनी संगीताकडं पाहिलं. ती बराच वेळ भिंतीपुढं उभी राहिली. दोनदा पाय उचलून तिनं पाहिलं, मग खाली मान घालून म्हणाली की माह्यंच चुकलं असन, मले येत नाही वाटते. कोळसा तिनं ओट्यावर ठेवला. भिंत पुन्हा कपिलची झाली, नावासकट.

जिंकला तर होता. पण बाई सावरायची होती आणि तीज चार दिवसांवर होती. त्यानं पाय चार बोटं मागं घेतला, बाई पडलीच. कंबर वळवली, तरी पडली. खांदा उतरवला तर ती खांबाला टेकल्यासारखी दिसू लागली. तोल एकट्या पायात नव्हताच, आणि जिथं होता ते त्यानं आपल्याच हातानं पुसलं होतं. तीन दिवस तो घासत बसला. संगीता रोज समोरून पाण्याला जायची, पण भिंतीकडं एकदाही पाहायची नाही. कोळसाही तिनं पुन्हा हातात घेतला नाही.

तिजेच्या आदल्या सकाळी त्यानं तिला नळावर गाठलं. "संगीता, तुह्यं चुकलं नव्हतं. तो पाय म्या पुसला. म्याच हलवला."

आता ती शिव्या देईल, काकाला हाक मारेल, म्हणून तो तयारीत उभा होता. तिनं घागर खाली ठेवली.

"मंग माह्यावाला पाय बरोबर होता?" तिनं विचारलं.

"हो."

"एकदम बरोबर?"

त्यानं मान हलवली. तिच्या तोंडावर असं हसू आलं की तिला रागवायचंही सुचलं नाही. भरलेली घागर तिथंच टाकून ती भिंतीकडं पळाली. कपिल नळापाशी उभा राहिला. पाप कबूल केल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. त्याला तसं काही वाटलं नाही. त्याला तिच्या त्या हसण्याचाही हेवा वाटत होता.