अनारशावरची खसखस

मित्रांनो, मी एक जुना शर्यतीचा घोडा आहे. सध्या मात्र ठाण्यातली माणसं मला बिनदिक्कत घोडी म्हणतात. लग्नाच्या वरातीसाठी पाठीवर झूल घातली, कपाळावर मोत्यांची झालर सोडली, की "घोडी आली, घोडी आली" असा गलका होतो. मी आपली मान खाली घालतो. पाठीवर नवरदेव बसलेला असतो, त्याच्या आनंदात कशाला मोडता घालायचा?

एके काळी मी असा पळायचो, की मी पोचल्यावर माझी सावली मागून धापा टाकत यायची. माझ्या पणजोबांनी तर कल्याणच्या खाडीवरून उडी मारली होती. अर्ध्यात त्यांना तहान लागली, म्हणून ते हवेतूनच मागे फिरले, पाणी प्यायले आणि मग उरलेली अर्धी उडी मारली. खोटं वाटतंय? वाटू द्या. यापुढचं मात्र खरं आहे. ते खोटं असतं तर मला फार बरं वाटलं असतं.

कल्याणपलीकडे, टिटवाळ्याच्या वाटेवर आमचा तबेला होता. शर्यतीत पुकारायचं माझं नाव भलतंच लांबलचक आणि इंग्रजी होतं. पण माझा मोतद्दार काळुराम मला गुंड्या म्हणायचा. मोतद्दार म्हणजे घोड्याची आईच म्हणा ना. खरारा करायचा, चारापाणी बघायचं, खूर साफ करायचे आणि वर आमचे रुसवे काढायचे.

माझ्या शेजारी बिजली नावाची घोडी बांधलेली असे. आधीच्या तबेल्यात तिचा पाय दुखत असताना कुणीतरी दुखणं मारायचं इंजेक्शन टोचून तिला पळवलं होतं. दुखणं कळलंच नाही, म्हणून ती जीव तोडून पळाली आणि सांध्यातून कायमची अधू झाली. काळुराम तिच्या पायाला शेक देताना म्हणायचा, "दुखणं म्हणजे घोड्याची वाचा. तीच बंद केली तर बिचारीनं सांगायचं कसं?"

म्हणूनच शर्यतीच्या घोड्यांच्या औषधांना कडक नियम असतात. शर्यत जवळ आली की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नाही, मलम नाही, काही नाही. जिंकलेल्या घोड्याची लघवी तपासतात. हसू नका! एक माणूस लांब दांड्याचं भांडं धरून उभा राहतो आणि आम्हाला यावी म्हणून शिट्टी वाजवतो. मी मुद्दाम त्याच्याकडून दोनचार गाणी वाजवून घ्यायचो.

काळुराम तर या नियमांच्या बाबतीत अगदी सोवळा. एकदा आमचे ट्रेनर विनीत सर मला थोपटायला आले, तर हा मध्ये आडवा!

"सर, आधी हात धुवा. बामचा वास येतोय."

"अरे, ट्रेनर मी आहे की तू?"

"तुम्हीच सर. पण नळ तिकडं आहे."

विनीत सर हसत हसत हात धुऊन आले.

काळुरामची बायको हौसाबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवाळीच्या पाडव्याला ती नवं लुगडं नेसून तबेल्यात यायची, मला कुंकू लावायची, ओवाळायची. त्या वर्षीही आली. दुसऱ्याच दिवशी माझी शर्यत होती. तिच्या डब्यात अनारसे होते. कुरकुरीत, गुळाचे, वर पांढरी खसखस. पहिला अनारसा तिनं मला भरवला. मी ओठांनी तिचा पदर ओढला, तशी म्हणाली, "हावरटा, घे आणखी!" काळुराम शेजारी उभा राहून कौतुकानं बघत होता. त्याच्या लेखी औषध म्हणजे बाटली, सुई आणि मलम. अनारसा म्हणजे फराळ. सणाच्या घासाला कोण कशाला अडवील?

दुसऱ्या दिवशी मी जिंकलो. काळुरामनं माझ्या गळ्याला मिठी मारली. शिट्टीवाला आला, गाणी झाली.

आणि काही दिवसांनी बातमी आली. माझ्या लघवीत अफूच्या जातीच्या औषधाचा अंश सापडला होता.

तबेल्यात सुतक आल्यासारखं झालं. काळुरामनं माझ्या बादल्या घासल्या, चारा बाहेर काढून टाकला, ज्याच्यात्याच्याकडं संशयानं बघू लागला. विनीत सरांनी त्याला बोलावलं. आज ते हसत नव्हते.

"खरं सांग काळुराम, कुणाच्या सांगण्यावरून दिलंस?"

"गुंड्याच्या गळ्याची शपथ सर, औषधाचा थेंब दिला नाही."

तो खरंच बोलत होता. मी काय काय खाल्लं, ते मला ठाऊक होतं. पण मला नुसतं खिंकाळता येत होतं, आणि घोडा खिंकाळला की माणसं त्याला भूक लागली समजून हरभऱ्याची चंदी घालतात.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी घोड्यांच्या डॉक्टर संचिता मॅडम चौकशीला आल्या. हौसाबाईनं उरलेल्या पिठाचे अनारसे तळून आणले होते. दारी आलेल्या बाईला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? तिनं डबा पुढं केला. "घ्या ना ताई."

मॅडमनी अनारसा उचलला, आणि तो तसाच हातात राहिला. "हौसाबाई, हे घोड्याला दिलं होतंत?"

"म्हणजे काय! पहिला मान त्याचाच."

"अहो, खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. तिचा अंश तपासणीत उतरतो."

डबा खाली पडला. अनारसे माझ्या पायाशी घरंगळत आले. मी एकालाही तोंड लावलं नाही.

काळुराम हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, हिचं नाव कुठं घेऊ नका. मी भरवला. तबेल्यातला घास माझ्या हातचा."

"अहो, पण..." हौसाबाई म्हणाली.

"तू गप बस गं."

चौकशीतही त्यानं तेच सांगितलं. मुद्दाम दिलं नव्हतं, हे सगळ्यांना पटलं. पण सापडलं ते सापडलं. माझी जीत रद्द झाली. विनीत सरांनाही शिक्षा झाली. काळुरामला मात्र तबेल्यात पाऊल टाकायची बंदी झाली. जाताना त्यानं माझ्याकडं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याचा पाय निघाला नसता.

पुढं मीही थकलो, विकला गेलो, फिरत फिरत वरातीच्या कामाला लागलो. मागच्या वैशाखात नौपाड्यात एक वरात होती. बेंजो वाजत होता. एका सोसायटीच्या दारातून वॉचमन बाहेर आला, मला बघून थबकला आणि उलट्या पावली आत गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. हात धुऊन तो परत आला, तेव्हा मी ओळखलं.

मोत्यांच्या झालरीखाली हात घालून त्यानं माझं कपाळ चोळलं. "गुंड्या, पाय बघू तुझा." मी पाय उचलून दिला.

मागून हौसाबाई आली. तिच्या हातात भाकरीचा चतकोर होता. "देऊ का हो?"

"नको."

"आता काय शर्यत आहे का त्याची? नुसती भाकरी आहे हो."

"नको गं," काळुराम म्हणाला. त्यानं माझा पाय हलकेच खाली ठेवला.

तिनं चतकोर पदरात गुंडाळला. वरात पुढं निघाली.

मित्रांनो, मुक्या जिवाला काही भरवायच्या आधी त्याच्या डॉक्टरांना जरूर विचारा. गोड घाससुद्धा बाधतो, आणि नियम आमच्या भल्यासाठीच असतात, हे मी बिजलीकडं बघून शिकलो. पण मायेपोटी ज्याची चूक झाली, त्याचा हात जन्मभर आखडलेला राहील असं काही करू नका.

आता माझी तपासणी कुणी करत नाही. वरात त्या सोसायटीवरून निघाली की मी दाराकडं मान वळवतो आणि तोंड उघडून ठेवतो. नवरदेवाला वाटतं, घोडी हसतेय.