मग रुपाली म्हणाली

"…बाप म्हणला, पाय मोडून घरात ठेवीन. तर पोरगी ताटावरून उठली, माय, आन् सरळ त्याच्याम्होरं उभी ऱ्हायली. आन् म्हणली—"

तेवढ्यात शिट्टी वाजली.

धुक्यात बॅटरीचे तीन-चार झोत हलले. कॉर्पोरेशनचं पथक होतं. "उठा! कालपासून उघड्यावर बसायला बंदी आहे, पाटी वाचली नाही का?" नदीकाठच्या बाभळींमागून बायका पदर सावरत, तोंडं झाकत पळाल्या. "सावकाश पळा ताई," मागून एक जण म्हणाला, "आम्हालाही काही बघायची हौस नाही."

हुस्नबानू तुरुंगाच्या बाजूला, आपल्या वस्तीकडे पळाली आणि गोष्ट सांगणारी ती दुसरी टेकाडाकडे, तिच्या वस्तीकडे. वाक्य तिथेच, धुक्यात राहिलं.

दोन्ही वस्त्यांत जुने संडास होते, पण त्यांना दारं नव्हती. त्यापेक्षा अंधार बरा, तो निदान चारी बाजूंनी असायचा. सहा वर्षं दोघी एकाच बाभळीच्या अल्याड-पल्याड बसत होत्या. एकदा खाकरलं की 'मी आहे'. दोनदा खाकरलं की 'ये, कोणी नाही'. नाव कधी विचारलं नाही, चेहरा कधी पाहिला नाही. तिथली ओळख तिथेच ठेवायची, उजेडात समोरासमोर आलं तरी मान वळवायची, अशी रीतच होती. हुस्नबानूला माहीत होता तो तिचा परभणीकडचा आवाज आणि तिच्या टमरेलाच्या कडीची किरकिर. बाकी मात्र सगळं ठाऊक होतं. तिचा गवंडी नवरा, त्याची कंबर, पुण्याच्या थंडीत न लागणारं दही. आणि आपल्या मुलाच्या, फैझलच्या पाठचं मूल कसं गेलं, हे हुस्नबानूनं सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं, ते या बाभळीला सांगितलं होतं.

नदीपलीकडे काचेची इमारत उभी राहिली होती. पहाटेच्या धुक्यात तिचे दिवे तरंगायचे, आभाळात कोणी माशांची काचेची पेटी टांगून ठेवावी तसे.

"आपल्याकडं तोंड करून बसलेत का गं ते?" बाभळीपलीकडून तिनं एकदा घाबरून विचारलं होतं.

"कम्प्युटरकडे तोंड करून बसलेत. त्यांना आपण कुठल्या दिसायला!"

तिथेच तिच्या पोरीला, रुपालीला काम मिळालं होतं. न्यायला-आणायला गाडी. आणि बाप म्हणत होता, गावाकडचं स्थळ आलंय, गुमान उभी राहा.

बंदीपाठोपाठ नवे संडास आले. पांढऱ्या फरश्या, निळी दारं, आतून कडी, डोक्यावर दिवा. या वस्तीचे इकडे, टेकाडाकडच्या वस्तीचे तिकडे. पहिल्या दिवशी कडी लावली तेव्हा हुस्नबानूला रडूच आलं. केवढं सुख! मग सवयीनं ती खाकरली. पलीकडून कोणीतरी चिडून म्हणालं, "आहे, आहे माणूस आत!"

रुपाली काय म्हणाली असेल? भाकरी थापताना, नळावर, डोळा लागता लागता हुस्नबानू ते वाक्य शोधत राहायची. कधी कधी वाटायचं, ती बाईच आपल्याला स्वप्नात भेटत होती.

त्या पावसाळ्यानंतर हुस्नबानूच्या लेकीला, नाजिमाला त्याच काचेच्या इमारतीतून नोकरीचं पत्र आलं. तिचा बाप अय्युब पत्र्याच्या डब्याला डाग देत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "गाडीत कोण कोण असतं, माहीत आहे? नको म्हणून सांग तिला."

नाजिमा दाराशी नखं खात उभी. आणि हुस्नबानूच्या तोंडून निघून गेलं, "त्या रुपालीनं बापाला काय सांगितलं, माहितेय?"

"कोण रुपाली?"

"आहे एक. म्हणाली, गाडी दारात येणार आहे, तुम्ही दारात उभे राहा. मला हात करू नका, काही बोलू नका. नुसते उभे राहा. गाडीवाल्याला दिसू दे, हिच्या मागे माणूस आहे."

हे शब्द कुठून आले, तिचं तिलाच कळलं नाही. अय्युबनं डाग पुरा केला, डब्यात पाणी ओतून पाहिलं. गळत नव्हता. पहिल्या तारखेला संध्याकाळी गाडी आली तेव्हा तो इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा होता.

वर्ष उलटलं. एका सकाळी इकडचे संडास तुंबले, म्हणून बायका डबे घेऊन टेकाडाकडच्या वस्तीच्या रांगेत गेल्या. हुस्नबानू रांगेत उभ्या उभ्या एकदा खाकरली. मग पुन्हा.

"मावशी," देखरेखीला बसलेला भैरू म्हणाला, "दवाखाना पुढच्या चौकात."

बायका हसल्या. हुस्नबानूही हसली, आत गेली, कडी लावली. आणि पलीकडून, वर मोकळ्या सोडलेल्या भिंतीवरून, दोनदा खाकरल्याचा आवाज आला.

मग तिनं भिंतीला विचारलं, "मग रुपाली काय म्हणाली?"

पलीकडे टमरेलाची कडी किरकिरली.

"म्हणली, तुम्ही म्हणताल तसं, बाबा." आवाज तोच होता, जरा खाली बसलेला. "दिली गावाकडं. दिवाळीत येऊन गेली. बोलत न्हाई जास्ती." मग, "आन् तुही पोरगी?"

"जाते. रोज गाडी येते. बाप दारात उभा राहतो."

"कसं गं ऐकलं त्यानं?"

हुस्नबानूनं गार फरशीवर तळवा ठेवला. "तुझ्या रुपालीनं सांगितलं म्हणून."

"मह्या रुपालीनं?"

मग हुस्नबानूनं सगळं सांगितलं. ताटावरून उठलेली पोर, दारात उभा बाप, गाडीवाला, सगळं. सांगताना तिला ते डोळ्यांसमोर दिसत होतं, धुक्यातल्या त्या दिव्यांसारखं.

बाहेरून दारावर थाप पडली. "आवरा की! कीर्तन चाललंय का आत?"

हुस्नबानूला वाटलं, चुकलंच आपलं.

"म्हणली असंल," पलीकडची हळूच म्हणाली. "मही पोरगी हाय ती."

पलीकडची कडी निघाली. टमरेलाची किरकिर दारापर्यंत आली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

हुस्नबानूचा हात आपल्या कडीवर होता. बाहेर लख्ख ऊन होतं, दार उघडलं असतं तर चेहरा दिसला असता. किरकिर रांगेपाशी पोचली, वळली, गल्लीत बारीक झाली. थापा वाढल्या. किरकिर पार ऐकू येईनाशी झाली तेव्हा हुस्नबानूनं कडी काढली.