घरच्यांनी दिसायचं नाही

"फुकट?" चेकरांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे काहीच घेत नाही ती?"

सून भिंगरीच्या दप्तरात डबा कोंबत होती. ती म्हणाली, काहीच नाही, विचारलं तर उलट रागावली.

"मग करते कशाला?"

सुनेला हा प्रश्न पडलाच नव्हता, कारण तिचा जन्म बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेला नव्हता. चेकरांचा गेला होता. मधल्याच एखाद्या थांब्यावर ते बसमध्ये चढत, आणि आपल्याला बघितल्याबरोबर खिडकीबाहेरच्या देखाव्यात रस वाटायला लागलेला माणूस कोण, हे आधी हेरत. नोकरी सुटली, टोपी सुटली, ती नजर काही सुटली नाही. दूधवाला हसून बोलला की ते दूध पुन्हा मोजून बघत. शेजाऱ्याने नमस्कार केला की याचं आता काय काम निघालंय, म्हणून दिवसभर विचारात पडत. "तुम्ही वर गेल्यावर देवाकडेसुद्धा तिकीट मागाल," असं बायको म्हणायची. बिचारी स्वतः पुढे गेली, आणि तिकडे काय चाललंय हे कळायला चेकरांना अजून तरी मार्ग सापडलेला नव्हता.

प्रकरण असं होतं. शाळेच्या फाटकासमोर रोज सकाळी मोटारी आणि स्कूटर यांची अशी काही खेचाखेच व्हायची, की मुलांना आत शिरायलाच वाट नसायची. शेवटी शाळेच्या मोठ्या बाईंनी सगळ्या पालकांना सांगितलं, जवळची मुलं चालत पाठवा, थोडी मोठी सायकलवर पाठवा, पण सोबत जाणतं माणूस द्या. आता जाणतं माणूस कोण, म्हटल्यावर जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागला. जिन्याखाली टेबल मांडून कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बाईच्या कानावर हे गेलं, कपडे घ्यायला आलेल्या आयांच्या बोलण्यातून. ती म्हणाली, "मी नेते की." तिची स्वतःची मुलं केव्हाच मोठी होऊन पांगलेली. शाळेशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

तिने एक जाडजूड दोरी आणली, तिला धरायला गोल फासे बांधले, आणि प्रत्येक मुलाच्या हातात एकेक फासा दिला. पुढे ती, मध्ये दोरी धरलेलं लटांबर, त्यामागे सायकलवाली मोठी मुलं एकामागे एक, आणि सगळ्यांच्या शेवटी आपली सायकल हातात धरून पेपरवाला, कारण सकाळचे पेपर टाकून त्याला त्याच बाजूला जायचं असे. इथपर्यंत चेकर कसेबसे गप्प बसले होते. पण बाईने एक नियम घातला होता. घरच्यांनी रस्त्यावर दिसायचं नाही. मूल दारात सोडायचं आणि दार लावून घ्यायचं. खिडकीतून टाटा नाही, मागून डबा घेऊन धावणं नाही. डबा विसरला तर विसरला.

चेकरांनी कान टवकारले. इथे बघू नका, असं जो सांगतो तिथेच आधी बघायचं, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पोटच्या पोरांच्या मागे आईबापांनी जायचं नाही म्हणजे काय? कुठेतरी पाणी मुरतंय, याबद्दल त्यांची खात्रीच झाली.

त्यांनी नातीपासून सुरुवात केली. भिंगरी दुसरीत होती आणि नावासारखीच एका जागी ठरत नसे. वाटेत काय काय होतं, असं त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, मावशी प्रत्येक फाटकापाशी थांबते आणि खाली वाकून बघते.

"काय बघते वाकून?"

"चाकं. फाटकाखालून चाकं फिरताना दिसली तर थांबायचं. गाडीवाल्याला आपण दिसत नाही ना, आपण बुटके. म्हणून आपणच त्याला बघायचं."

उत्तर कसं धाडकन आलं. अडखळणं नाही, डोकं खाजवणं नाही. चेकरांना अशी उत्तरं पाठ होती. अर्धं तिकीटही वाचवायचं म्हणून आया पोरांना वय पढवून आणत, आणि ती पोरं विचारायच्या आधीच वय सांगून मोकळी होत. जरा दुसरं काही विचारलं की मात्र गडबडून आईकडे बघत. ते बघितलं, की चेकर पावतीपुस्तक काढत. नातही पढवलेलीच आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. बाई फाटकाखालून वाकून चाकं कशाला बघेल? ती घरं हेरत असणार. कोण घरात आहे, कुठे कुलूप आहे, मोटार आहे की नाही. पोरं पुढे असली की कुणाला संशय येत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा.

त्यांनी सुनेला हे बोलून दाखवलं. ती हसली. मुलाला बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "बाबा, भिंगरी पहिल्यांदाच सकाळी न रडता उठतेय. कृपा करा आणि यात पडू नका."

कृपा करणं चेकरांच्या अंगात नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मुलाची टोपी डोळ्यांवर ओढून ते मागे निघाले. मागे म्हणजे समोरच्या फुटपाथवरून, खांबाआडून, उभ्या मोटारींच्या आडून. बाई खरोखरच प्रत्येक फाटकाशी वाकत होती. एका फाटकाशी तर राखणदाराशी दोन शब्द बोललीही. चेकरांच्या अंगात जुनं वारं शिरलं. आज ना उद्या ही रंगेहाथ सापडणार आणि मग सगळे आ वासून बघत राहणार, या विचाराने त्यांना झोपही बरी लागायला लागली. सुनेला वाटलं, सासरे सकाळचे फिरायला जातात, तब्येत सुधारतेय.

असे काही दिवस गेले आणि तो दिवस आला. मोठा रस्ता ओलांडण्यासाठी दोरी फुटपाथच्या कडेला थांबली होती. बाईने एक हात आडवा धरला होता आणि ती उजवीकडे बघत होती. पलीकडे औषधांच्या दुकानाच्या खांबाआड चेकर. बाई आता कुणाला खूण करते का, हे नीट दिसावं म्हणून त्यांनी डोकं जरा बाहेर काढलं. नेमकी भिंगरीची नजर तिकडे गेली.

घरी संध्याकाळी आजोबा आणि नात लपाछपी खेळत. आजोबा पडद्याआड लपायचे, आणि पडद्याखालून दिसणारे त्यांचे पाय बघूनही भिंगरी सगळं घर धुंडाळल्याचं नाटक करायची. तिला काय माहीत आजोबा आज कशासाठी लपलेत. तिचा चेहरा असा खुलला की बस. तिने हातातला फासा सोडला.

"सापडले!" म्हणत ती रस्त्यात धावली.

टेम्पो वळणावरून आला होता. बाईने झेप घेतली. तिच्या हाती दप्तराचा पट्टा लागला, तो धरून तिने पोरीला मागे खेचलं आणि स्वतः उजव्या हातावर आपटली. टेम्पो करकचून थांबला. दोरीवरची मुलं एकदम रडायला लागली. एकानेही फासा सोडला नव्हता, हे चेकरांनी पाहिलं.

बाई रस्त्यातच बसली होती, पोरगी मांडीत, हात कसातरीच वाकलेला. तिने मान वर केली आणि समोर बघितलं. सरळ खांबाकडे. दोघांची नजरानजर झाली.

आणि चेकर काय करतात? ते वळले, औषधांच्या दुकानात शिरले आणि त्यांनी डोकेदुखीची गोळी मागितली. आयुष्यभर लोकांना खिडकीबाहेर बघताना पकडत आलेला हा माणूस. दुकानदाराने दिलेली गोळी त्यांनी खिशात टाकली, ती कोणती आहे हेही बघितलं नाही. बाहेर आले तेव्हा पेपरवाला मुलांना घेऊन पुढे गेला होता आणि बाईला कुणीतरी रिक्षात घालत होतं.

संध्याकाळी घरात हाच विषय. बाईचं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. भिंगरीला साधं खरचटलंही नाही. सून तिला सोडायलाच तयार नव्हती. दोरी सोडून धावलीस कशाला, असं सगळ्यांनी परोपरीने विचारलं, पण पोरीने तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी तिने लपाछपीचं नावही काढलं नाही. मोठ्या बाईंनी पालकांना शाळेत बोलावलं होतं. दोरी बंद होणार, असं मुलगा म्हणाला.

चेकर वाट बघत बसले. बाईने आपल्याला पाहिलंय, म्हणजे ती येणार. येऊन काहीतरी मागणार. दुसऱ्याचं झाकून ठेवणारा माणूस कधी ना कधी वसूल करतोच. पण दुसरा दिवस उलटला तरी ती आली नाही, तेव्हा त्यांना राहवेना. ते आपणच जिन्याखाली गेले. ती डाव्या हाताने इस्त्री फिरवत होती. शर्टाला घडी सरळ पडत नव्हती. एक बाजू झाली की दुसरी चुरगळायची.

"तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?" चेकरांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"काय सांगायचं, काका?"

"मी तिथे होतो ते."

तिने इस्त्री उभी केली. "पोरगी आजोबांना बघून धावली. सगळीच पोरं धावतात. आपलं माणूस दिसलं की रस्ता दिसत नाही त्यांना. म्हणून तर घरच्यांना नको म्हणते मी. आता तुमचं नाव घेतलं तर तिला आयुष्यभर वाटत राहणार, आपण आजोबांकडे धावलो म्हणून हे सगळं झालं. तिचं काय चुकलं त्यात?"

"आणि तुमच्यावर सगळं येईल ते?"

"आलंच आहे," ती म्हणाली आणि पुन्हा शर्टाकडे वळली.

चेकर घरी आले ते डोक्यात भुंगा घेऊन. इतका साधा माणूस असूच शकत नाही, यातही काहीतरी असणार, असं ते स्वतःला समजावत राहिले. पण काय असणार, ते काही केल्या सुचेना. जन्मभर पोसलेल्या संशयाने ऐन वेळी दगा दिला, म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

शाळेतल्या त्या सभेला वर्ग भरून गेला होता. लहान बाकांवर मोठी माणसं अवघडून बसलेली. जो तो तोंडसुख घेत होता. पोरं सांभाळणं म्हणजे कपड्यांना इस्त्री करणं नव्हे, असंही एकजण बोलला. बाई भिंतीपाशी उभी होती. मोठ्या बाईंनी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "माझ्या हातून सुटली पोरगी. दुसरं काय सांगू." मग मोठ्या बाईंनी आवाज खाली आणला, भिंगरीला जवळ घेतलं आणि विचारलं, "बाळ, तू का गं धावलीस?"

भिंगरी गडबडली. तिने मान वळवली आणि आजोबांकडे बघितलं.

ही नजर चेकरांना ओळखीची होती. बसच्या त्या गर्दीत ती त्यांनी कितीदा पकडली होती आणि पकडली म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती. या पोरीला तर त्यांनी काही पढवलंही नव्हतं. ती आपणहून त्यांना झाकत होती. असं काही आपल्यासाठी कुणी करेल, हे त्यांच्या हिशेबातच कधी नव्हतं.

ते उठले. बाक इतका लहान होता, की उठताना गुडघे अडकले.

"ती माझ्याकडे धावली," ते म्हणाले. "मी पलीकडे लपलो होतो. या बाईंवर पाळत ठेवत होतो. त्यांची काही चूक नाही, पोरीची नाही. माझी आहे."

सुनेने पदर तोंडाला लावला. मुलगा खाली बघत राहिला. पाळत कशाबद्दल, असं कुणीतरी विचारलं तेव्हा चेकरांनी तेही सांगितलं, फाटकांचं, कुलपांचं, सगळं. काहीजण हसले. बाई हसली नाही. ती प्लास्टरमधल्या हाताकडे बघत होती, आणि हाताला लागलं त्याहून जास्त तिला आता लागलंय, हे चेकरांना स्पष्ट दिसलं. माफी मागायला ते तिच्याजवळ गेले, तर ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून दिसू नका, काका."

दोरी बंद झाली नाही. काही पालकांनी मुलं काढून घेतली, मोटारीतून सोडायला लागले, पण बाकीच्यांनी ठेवली. चालायला कुठे हात लागतो, असं बाई म्हणाली. भिंगरीला पाठवायचं की नाही यावर घरात बराच वेळ काथ्याकूट झाला. शेवटी पाठवायचं ठरलं. चेकरांना कुणी विचारलं नाही.

सकाळी दारापाशी मुलांचा गलका आला. भिंगरीने बूट घातले, फासा धरला आणि सुनेने दार लावून घेतलं. चेकर खुर्चीत बसले होते, खिडकीकडे पाठ करून. खुर्ची त्यांनी स्वतःच तशी फिरवून घेतली होती. बाहेरून बाईचा आवाज आला, "थांबा सगळे, फाटक." मग चालायला लागल्याचा आवाज, सायकलची एक घंटी, आणि हळूहळू सगळं लांब गेलं. चेकरांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते.

सून आतून हात पुसत आली. तिलाही राहवत नव्हतं, पण नियम तिलाही होता. ती म्हणाली, "बाबा, एव्हाना मोठा रस्ता ओलांडला असेल ना?"

"ओलांडला असेल," चेकर म्हणाले आणि बसून राहिले.