पिवळं जेल

ड्रेसिंगच्या खोलीत त्या सकाळी एक ट्रॉली, दोन स्टुलं, मिठाच्या पाण्याच्या सहा बाटल्या, सात फायली आणि जेलच्या तेरा ट्यूबा होत्या. चौदावी चिमटीच्या हातात होती.

लहानपणी ती जमिनीवरचं वाळकं पानसुद्धा चिमट्याने उचलायची, म्हणून आईने हे नाव ठेवलं. पुढे पदवी मिळाली, प्रयोगशाळेत नोकरी लागली, पण नाव काही सुटलं नाही. आणि सुटणार तरी कसं? आई याच वॉर्डात ड्रेसिंगची थोरली सिस्टर होती, आणि लेकीचं जेल याच वॉर्डात तपासलं जात होतं.

जेलमध्ये चांदीचे कण होते. केसाच्या जाडीचे चार हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा एक कण. कण इतके बारीक असले की चांदी चंदेरी दिसत नाही. जेलला मधासारखा पिवळा रंग येतो. हे कण जखमेतल्या जंतूंना डोकं वर काढू देत नाहीत आणि जखम भरायला मोकळी राहते, असा चिमटीचा हिशेब होता. सात पेशंटांवर चौदा दिवस जेल लावून झालं होतं. पाच जखमा झपाट्याने आक्रसत होत्या. दोन मात्र ढिम्म.

त्यातली एक वेल्डरची. तापलेला पत्रा नडगीवर पडला होता. पहिल्या दिवशी जखम बारा पूर्णांक चार दशांश चौरस सेंटिमीटर होती, आज अकरा पूर्णांक आठ.

सर्जनने फाईल मिटली. "अठ्ठाविसाव्या दिवशी सहाच्या खाली आली नाही, तर मांडीची कातडी काढून इथे लावायची. आणि या वॉर्डात जेल बंद."

"मांडीने काय घोडं मारलंय, साहेब?" वेल्डर म्हणाला.

चिमटीला हसू आलं नाही. तिने सातही फायली पसरल्या. वय, साखर, जखमेची खोली, औषधं, सगळं ताडून पाहिलं. कुठेच काही हाती लागेना. शेवटी उरला सहीचा रकाना. पाच फायलींवर धाकट्या सिस्टरची सही होती. दोन अडलेल्या जखमांच्या फायलींवर दुसरी होती, आणि ती ओळखायला तिला क्षणही लागला नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं तीच सही होती.

ज्या हाताने ड्रेसिंग व्हावं म्हणून पेशंट रांग मोडतात, त्याच हाताखालच्या जखमा अडल्या होत्या.

घरी ती काही बोलली नाही. नुसता अंदाज आईसमोर टिकला नसता. दुसऱ्या दिवशी ती खोलीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

आधी धाकटी सिस्टर. तिने जखम मिठाच्या पाण्याने धुतली, कोरड्या गॉजने टिपली, जेल लावलं, पट्टी बांधली. मग वेल्डरसाठी आई आली. तिनेही धुतली, पण टिपली नाही. ओल्या जखमेवर अलगद जेल पसरलं आणि पट्टी उचलली.

"आई, थांब. पाच मिनिटं पट्टी नको."

"का गं? फोटो काढायचाय का त्यांचा?"

"काढा की," वेल्डर म्हणाला. "पाय तेवढा देखणा आहे."

तिघंही पायाकडे बघत राहिली. दुसऱ्याच मिनिटाला पिवळा रंग मळकट झाला. पाचव्या मिनिटाला जेल राखाडी, पातळ होऊन घोट्याकडे ओघळत होतं. पट्टीखाली रोज हेच होत असणार, पण पट्टीखालचं दिसतं कुणाला!

"मिठामुळे," चिमटी म्हणाली. "कणांवर विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांपासून लांब राहतात. मीठ आलं की तो झाकला जातो आणि सगळे गोळा होतात. जेलही पाणचट होतं. मग त्यांचा काही उपयोग नाही."

"म्हणजे माझं चुकलं म्हण की."

"तुझं नाही, माझं. मी लॅबमध्ये सगळं शुद्ध पाण्यात तपासलं. वॉर्डात जखमा मिठाच्या पाण्याने धुतात, हे तुझी लेक असून माझ्या डोक्यात आलं नाही."

आईने ट्रे खाली ठेवला. "अगं, रक्तातसुद्धा मीठ असतंच की."

"असतं, पण ते जखमेतून थोडं थोडं झिरपतं. तू तर बाटली उपडी करतेस. धाकट्या सिस्टर टिपतात, तशी तू टिपलीस तर..."

"मुळीच नाही! घासलं की नवी कातडी गॉजबरोबर निघून येते. तिचा हात हलका आहे, म्हणून खपतंय. तीस वर्षं मी जखमा धुतेय, चिमटे. तुझा गुडघा कुणी बरा केला होता?"

"तूच. मग काय करायचं, ते तूच सांग."

आईने मिठाच्या पाण्याची बाटली पुढे ओढली. "आधी मिठाचं पाणी. त्याच्यावर तुझं ते बिनमिठाचं निर्जंतुक पाणी, मीठ उतरेपर्यंत. ओल राहील, मीठ जाईल. चालेल तुझ्या कणांना?"

चिमटीने तिथेच काचपट्टीवर करून पाहिलं. जेल पिवळंच राहिलं. मिनिटं मोजायची होती पाच. तिने वीस मोजली.

"पळेल," ती म्हणाली.

मधेच पद्धत बदलायची तर चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीची मंजुरी हवी. सर्जनने त्याच दुपारी अर्ज लिहिला आणि सतराव्या दिवशी होकार आला. त्या सकाळपासून आई दोन बाटल्या घेऊन बसू लागली. बाविसाव्या दिवशी जखमेच्या कडेने गुलाबी किनार दिसली.

"मांडीला कळवू का, सुटलीस म्हणून?" वेल्डरने विचारलं.

"घाई नको," आई म्हणाली. पण तिचा आवाज खुशीत होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी सर्जनने पारदर्शक कागद स्वतःच्या हाताने जखमेवर धरला. "मायलेकींनी लांब उभं राहायचं. मोजणी मी करणार." बारीक पेनाने त्याने कड गिरवली, कागद आलेखाच्या वहीवर ठेवला आणि मिलिमीटरचे चौकोन मोजायला घेतले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. दोन्ही वेळा आकडा एकच आला.

पाचशे सत्तर चौकोन. पाच पूर्णांक सात दशांश चौरस सेंटिमीटर.