पाच वाजेपर्यंत गप्प

"अहो, अर्धा तास तरी थांबा! आमचं दुरुस्तीचं पॅकेज चाचणीतच अडकलंय."

"प्रेरणाताई, माझ्या हातात असतं तर थांबलो नसतो का? पाच म्हणजे पाच. सगळ्यांशी ठरलंय."

विश्वजीतनं फोन ठेवला. तो पुण्याच्या एका कंपनीत. त्यांचं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, पैसे मोजून घ्यावं लागतं. आमचं फुकट, माझ्यासारखे जगभरातले हौशी लोक ते मिळून बनवतात. आत पुष्कळसं सारखंच. त्यामुळं कुठं चोराला आत शिरता येईल असं भोक सापडलं की दुरुस्ती दोघांनी एकदमच सोडायची आणि तोवर घरच्यांपाशीसुद्धा चकार शब्द काढायचा नाही, असा कायदा. कारण एकाची दुरुस्ती बाहेर पडली की ती वाचून चोराला भोक कळतं. मग दुसऱ्याचं घर सताड उघडं.

माझा जीव टांगणीला लागला होता तो सत्यमसाठी. धाकटा भाऊ. इथून दोन तासांवर, सिल्लोडच्या एका दवाखान्याची कॉम्प्युटरं एकटा सांभाळतो. तिथं आमचंच लिनक्स, मीच बसवून दिलेलं. पेशंटचे सगळे रिपोर्ट त्यावर. 'पाचला नेटची वायर काढून ठेव,' एवढंच सांगायचं होतं. पण तेही बोलायची चोरी!

दुपारी त्याचा फोन आला होता. "ताई, आवाज असा काहून?"

"काही नाय रे. ठेव, कामात हाय मी." नंतर फोन येत राहिले, मी एकही उचलला नाही. उचलला असता तर सगळं ओकून मोकळी झाले असते.

पाच वाजले. विश्वजीतची दुरुस्ती जगजाहीर झाली आणि आमची चाचणी अजून तांबडीच, म्हणजे नापासच. आग लागो त्या कायद्याला! पण आता निदान तोंड तरी उघडता येत होतं. घाईघाईनं सत्यमला फोन लावला.

रिंग आमच्याच जिन्यात वाजली.

दार उघडलं तर हा समोर, हेल्मेट हातात, धुळीनं माखलेला. "बरी हायेस ना? दुपारी रडल्यावानी बोलली, मंग फोनच उचलंना. म्हणलं, काय झालं माय! गाडी काढली अन् निघालो."

"सत्यम, दवाखान्यात कॉम्प्युटरपाशी कोण हाय?"

"मीच असतो. काहून?"

सांगितलं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. वायर त्याच्या खोलीत, खोलीला कुलूप आणि किल्ली त्याच्या खिशात. दुरून त्या मशीनवर काम करायची त्याची सोय मीच बंद करायला लावलेली. त्यानं दवाखान्यातल्या सिस्टरला फोन केला. "कुलूप तोडा, सुलेखाताई! काय बी घ्या, पण तोडा!"

फोन चालूच होता. पलीकडून दणके ऐकू येत होते.

"ताई," तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "दुपारी तू एवढंच म्हणायचं होतं, आज जागेवरून हलू नको म्हणून. त्यात कोणतं गुपित फुटत होतं?"

कुलूप अजून तुटलं नव्हतं.