उद्या संध्याकाळपर्यंत

"काम चालू आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला. पुढचं त्यांना पाठ होतं. पलीकडचा गृहस्थ आधी वीज कार्यालयाच्या आईबापाची चौकशी करणार, मग वरपर्यंत ओळख असल्याचं सांगणार आणि सगळं बळ संपलं की पडेल आवाजात विचारणार.

"पण मॅडम, साधारण कधीपर्यंत?"

"काम चालू आहे."

वादळ येऊन गेल्याला आता इतके दिवस झाले होते की लोकांनी मोजणं सोडून दिलं होतं. वाऱ्याने नेण्यासारखं होतं ते नेलं, पाण्याने भिजवण्यासारखं होतं ते भिजवलं आणि उरलेल्याची पाहणी करायला मोठी माणसं आली. पाहण्यासारखं बरंच होतं. ते त्यांनी पाहिलं आणि ती गेली. मदतीच्या गाडीतून घरोघर मेणबत्त्या वाटल्या गेल्या. काडेपेट्या मात्र कुणाच्याच वाट्याला आल्या नाहीत.

तक्रारीच्या फोनवर बसून बाईंचे केस पिकले, पण वाक्य तेच राहिलं. नोकरीला लागल्या तेव्हाच हेडक्लार्कने बजावलं होतं, "बाई, काहीही सांगा, वेळ सांगू नका. वेळ सांगितली की माणूस विसंबतो. चिडलेला माणूस परवडला, विसंबलेला नाही." बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की ऑफिसात त्यांचं नावच 'कामचालू बाई' पडलं. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि एके दिवशी बाईंनी त्या नावाला ओ दिली तेव्हा त्यातली गंमतही गेली.

फोन पुन्हा वाजला.

"अगं, मी बोलतोय."

"बोला."

"लाईट कधी येणार?"

"काम चालू आहे."

"अगं, मी आहे, मी! तुझा नवरा!"

"अहो, नवऱ्यांसाठी वेगळी लाईन नसते. आई जेवल्या का?"

"जेवली. ती म्हणते, सून लाईटच्या ऑफिसात आणि घरात काळोख. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का, ते विचार तिला."

"त्यांना सांगा, त्यासाठी वर दिवा लागतो. आपल्याकडे वरही अंधारच आहे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. नवऱ्याला निवृत्त झाल्यापासून बोलायला माणूस लागत असे. पण लाईनवर इतरही खोळंबलेले होते.

त्यांच्यापैकी एकाची बाई मनातल्या मनात वाट बघत असत. नाल्यापलीकडच्या गल्लीतल्या शेवटच्या घरातले काका. त्यांचा फोन रोज दुपारी येई आणि शिवीऐवजी नमस्काराने सुरू होई.

"नमस्कार. शेवटच्या घरातून बोलतोय. म्हणजे घरातून नाही, औषधांच्या दुकानातून. घरातला फोन केव्हाच मेला."

"काका, काम चालू आहे."

"असणारच. आज मी वेगळंच विचारायला फोन केलाय. आमच्या हिला लेकीकडे ठेवलंय ना. दमा आहे, वाफेचं मशीन लागतं, त्याला लाईट लागते. लेकीचं घर लहान. जावई भला माणूस, पण भल्या माणसाचा तरी किती अंत बघायचा? ही म्हणते, मला घरी न्या. उद्या तिकडून एकांची गाडी इकडे यायचीये, सोडतो म्हणालेत. काय करू? आणू का तिला?"

बाईंनी नेहमीचं वाक्य जिभेवर घेतलं.

"आणि तुमच्याकडे आली का हो लाईट?" काकांनी मधेच विचारलं.

बाईंच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. त्या फोनवर आजवर हजार गोष्टी ऐकून झाल्या होत्या, पण हे विचारणारं कुणी भेटलं नव्हतं.

"नाही आली," त्या म्हणाल्या.

"अरेरे. म्हणजे दिवसभर आमचं ऐकायचं आणि घरी जाऊन परत मेणबत्ती लावायची."

रात्री डासांनी झोपू दिलं नव्हतं. सकाळी पाण्याच्या बादल्या जिन्यावरून चढवताना कंबर धरली होती. कारण काय द्यायचं ते द्या, पण बाईंच्या तोंडून शब्द निघून गेले.

"आणा काकूंना. उद्या संध्याकाळपर्यंत येईल लाईट."

 काकांनी दोनदा आभार मानले आणि दुकानदाराची खोळंबा केल्याबद्दल माफी मागून फोन ठेवला.

शेजारच्या टेबलावरच्या बिलवाल्याने चहाचा कप ओठांपाशी नेऊन तसाच धरला होता.

"बाई, तुम्ही वेळ दिलीत?"

"दिली."

"कुठली?"

"उद्या संध्याकाळची. नाल्यापलीकडे."

"अरे देवा," बिलवाला म्हणाला. मग चहा निवेल म्हणून त्याने तो पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी थोरल्या वायरमनला फाटकातच गाठलं. त्याचे डोळे जागरणाने लाल झाले होते आणि दाढी कुणाच्याही परवानगीशिवाय वाढली होती.

"नाल्यापलीकडे?" तो म्हणाला. "ताई, तिथे खांबच उभे नाहीत. लाईट काय ओंजळीतून नेऊ?"

"एखादा तरी उभा करता येईल?"

"खांब आले की करू. खांब कधी येणार ते तुमच्या नंबरवर फोन करून विचारायला लागेल."

"आज मग कुठे निघालात?"

"तुमच्याच गल्लीत! जळलेली डीपी काढून नवी बसवतोय. संध्याकाळी घरी जाल तेव्हा पंखा गरगरत असेल. चहा पाजा, बाकी काही नको."

"ती डीपी तिकडे नेली तर?"

वायरमनने त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. "नेता येईल. नेऊन नाल्यात ठेवता येईल. डीपीला खांब लागतो, ताई, आणि खांबाला पुढचा खांब. जाऊ द्या ना. सांगा तुमचं नेहमीचं."

साहेब रागावतील असं बाईंना वाटलं होतं. साहेब घाबरले.

"लेखी नाही ना दिलं?"

"फोनवर बोलले."

"मग दिलंच नाही असं समजा," साहेबांनी सुस्कारा सोडला आणि ते पुन्हा नकाशात डोकं घालून बसले. नकाशात सगळे खांब उभे होते.

उरला औषधांचा दुकानदार. बाईंनी त्याला फोन लावला.

"ते काका होय? सकाळीच येऊन गेले. स्वारी खुशीत होती. काकू येतायत म्हणाले. सगळ्या गल्लीला सांगितलंय त्यांनी, वीज कार्यालयातनं खुद्द वेळ मिळालीये म्हणून."

"त्यांना एक निरोप द्याल का? लाईट आज येत नाही म्हणावं."

दुकानदार हसला. "मॅडम, दुकान सोडून मी जाऊ कुठे? आणि असला निरोप मी नेऊ? मला याच गल्लीत धंदा करायचाय. हे तुमचं तुम्हीच सांगा."

दिवसभर बाईंनी 'काम चालू आहे' म्हटलं, पण प्रत्येक वेळी पलीकडे काकाच आहेत असं वाटत होतं. काकांचा फोन आला नाही. यायचं कारणच नव्हतं. ते विसंबले होते. ऊन उतरू लागलं तशा बाई उठल्या आणि रिसीव्हर त्यांनी बिलवाल्याच्या हातात दिला.

"मी काय सांगू?" बिलवाल्याने घाबरून विचारलं.

"तुम्हाला काय सांगायला हवं?" म्हणत बाईंनी पर्स खांद्याला लावली.

नाल्यावरचा पूल वाहून गेला होता. त्या जागी कुणीतरी एका घराचं दार आडवं टाकलं होतं. कडी तशीच होती. पलीकडे गल्ली सुरू होत होती आणि खांब वायरमनने सांगितल्याप्रमाणे निजले होते. एक कुंपणावर, एक कुणाच्या तरी ओट्यावर डोकं टेकून. तारांवर लोकांनी कपडे वाळत घातले होते. या तारांत आता वीज येणं शक्य नाही, हे वीज कार्यालयाच्या आधी गल्लीतल्या धुण्याला कळलं होतं.

"अहो, शेवटचं घर कुठलं?" बाईंनी बादली घेऊन चाललेल्या एका बाईला विचारलं.

ती थबकली. "बोला बघू परत."

"शेवटचं घर कुठलं?"

"अगं बाई! हा आवाज! तुम्ही त्या काम-चालू-आहे ना?"

आवाज ओळखीचा निघाल्यावर माणसं जमायला वेळ लागला नाही. चाळिशीचा एक रिक्षावाला पुढे झाला. "लाईट घेऊनच आलात की काय? पर्समधनं?" लोक हसले. वादळानंतर ते हसले असतील तर पहिल्यांदाच.

"आज लाईट येणार नाही," बाई म्हणाल्या.

हसू थांबलं.

"मग कधी?"

बाईंच्या जिभेवर ते वाक्य आपोआप आलं, जसं शिंकेनंतर रुमालाकडे हात जावा. त्यांनी ते गिळलं. "माहीत नाही. खांब आलेले नाहीत. ते कधी येतील हे ऑफिसात कुणालाच माहीत नाही."

"मग काल कशाला सांगितलंत?"

"चुकलं माझं."

फोनवर शिवी देणं सोपं असतं. समोर चिखलात चप्पल रुतलेली, घामेजलेली, कुणाच्याही थोरल्या बहिणीसारखी दिसणारी बाई उभी असली की ती जिभेवर येऊन अडते. रिक्षावाल्याने दोनदा तोंड उघडलं आणि शेवटी म्हणाला, "चप्पल हातात घ्या. पुढे जास्त चिखल आहे."

शेवटच्या घराच्या अर्ध्या छपरावर निळं प्लास्टिक होतं. अंगण झाडलेलं होतं. गादीखाली ठेवून घडी बसवलेला शर्ट घालून काका उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की बाईंच्या आधी बातमी पोचली आहे. ओट्यावर खुर्चीत काकू बसल्या होत्या. त्यांचा श्वास फाटकापासून ऐकू येत होता, बारीक शिट्टीसारखा.

"बसा," काका म्हणाले. "ही तुमची वाटच..." आणि ते थांबले.

"हीच का ती?" काकूंनी श्वास गोळा करून विचारलं. "आवाजावरून... चांगली धिप्पाड वाटायची म्हणे."

"काकू, गाडी गेली?"

"सोडून लगेच गेली," काका म्हणाले. "त्यांना पुढे जायचं होतं."

"मग माझ्या घरी चला. मशीन घ्या बरोबर. आमच्या गल्लीत एव्हाना आली असेल."

"असेल?" काकू म्हणाल्या.

"वायरमन म्हणाला."

"म्हणाला," काकू म्हणाल्या आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून अंगणाकडे बघत राहिल्या. शिट्टी वाजत राहिली. एका 'येईल'वर त्या गाडीत बसून आल्या होत्या. आता एका 'असेल'वर चिखल तुडवायचा होता. बाईंनी आग्रह केला नाही. करायला तोंड नव्हतं.

तेवढ्यात नाल्याच्या त्या बाजूने एकदम कल्ला उठला. पोरं किंचाळली, कुणीतरी थाळी बडवली. कलत्या उजेडात खिडक्या एकामागून एक पिवळ्या होत गेल्या.

गल्लीतली सगळी माणसं तिकडे बघत उभी राहिली. मग बाईंकडे बघू लागली.

"तुमच्याकडे आली," बादलीवाली म्हणाली.

काकू खुर्चीचा हात धरून उठल्या. "चला," त्या काकांना म्हणाल्या. "मशीन मी घेते. तुम्ही पाडाल."

नाल्यावरच्या दारापर्यंत रिक्षावाल्याने काकूंना जवळजवळ उचलूनच आणलं आणि पलीकडे कुठूनशी रिक्षा मिळवून दिली. त्याचे किती झाले म्हणून विचारलं तर तो ओरडला, "काम चालू आहे!" आणि परत गेला.

घरात सगळे दिवे, दोन्ही पंखे आणि टीव्ही एकदम चालू होते. लाईट गेली तेव्हा कुठलं बटण चालू होतं हे कुणालाच आठवत नसल्याने नवऱ्याने सगळीच दाबून ठेवली होती.

"आली!" तो दारातच ओरडला. "साहेबांना दम दिलास ना?" मग त्याला बाईंच्या मागची माणसं दिसली.

"यांना मशीन लावायचंय," बाई म्हणाल्या. "दमा आहे."

भिंत ओलावलेली असल्यामुळे एकच सॉकेट धड होतं आणि त्यात टीव्ही होता. बातम्या लागल्या होत्या. बातम्यांत वादळ केव्हाच संपलं होतं. नवऱ्याने पडद्याकडे एकदा बघितलं आणि पिन उपसली.

"पंख्याखाली नको बसवू त्यांना," सासूबाई आतून म्हणाल्या. "इकडे, माझ्या पलंगावर आणा. अंधारात बसून बसून याचंच बोलणं ऐकून कंटाळले मी."

मशीन घरघरू लागलं. हळूहळू शिट्टी विरळ झाली. काकूंनी डोळे मिटले. सासूबाईंनी स्वतःची उशी ओढून त्यांच्या पाठीशी सरकवली.

काका मात्र दाराजवळच उभे होते. बाईंनी चहा दिला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला. मग कापडी पिशवीत हात घालून त्यांनी एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं. त्यात जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब होता.

"सकाळी घेतला," ते म्हणाले. "पहिला वादळात फुटला. दुकानात लाईट नव्हती, त्यामुळे लावून बघता आला नाही. इथे बघू का? नसला चालत तर उद्या बदलून घेईन."

नवऱ्याने पलंगासमोरच्या बोळातला दिवा काढला, स्टूल ओढलं. काका स्वतःच चढले. बल्ब फिरवून बसवला आणि खाली मान घालून त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी बटण दाबलं.

बोळ उजळला. सगळ्यांनी वर बघितलं. काकूंनीही, मशीनचा मास्क तोंडावर धरून.

"चांगला आहे," काका म्हणाले. "बंद करा."

बाईंनी बंद केला. तो तापला होता, लगेच काढण्यासारखा नव्हता. काका स्टुलावरून उतरले आणि रिकामं खोकं हातात उघडं धरून तो निवायची वाट बघत त्याच्याखाली उभे राहिले.