बॅचलरांनी रोम घेतलं

निवृत्तीला तीन पोरं, एक जावई, एक नातू. तरी कतारात तो बॅचलर. ज्याची बायको गावाकडं तो इथं बॅचलरच, मग मिशा पिकल्या का असेनात. आणि तिथल्या मराठी मंडळाच्या पत्रिकेवर दर गणपतीला ठळक छापलेलं: कार्यक्रम फक्त फॅमिलीसाठी.

आता गंमत बघा. अल वक्रा गावातल्या हॉलमधलं स्टेज दरवर्षी उभं कोण करायचं? स्टेडियमच्या साइटवरचा शटरिंगचा सुतार निवृत्ती आणि त्याची पंधरा माणसं. शुक्रवारची सुट्टी घालवून खिळे ठोकायचे, पडदे टांगायचे, बसमध्ये बसून पुलाव गिळायचा आणि नाटक सुरू व्हायच्या आत, यल्ला, चला कँपवर! चार वर्षांत एकानंही एक नाटक पाहिलं नव्हतं. आता स्टेडियम उभं राहिलं होतं, वर्ल्ड कप तोंडावर आला होता आणि पुढच्या आठवड्यात सगळ्यांची परतीची विमानं होती. बघायचं तर आजच.

यंदाचं नाटक रोमच्या शेवटावर. शेवटचा बादशहा रोम्युलस, वय सोळा. काम करणार मंडळाचे अध्यक्ष गिरीश साहेब, वय बावन्न, पोट वेगळं. त्याला गादीवरून खेचणारा रानटी सरदार ओडोआकर ज्या इंजिनियरकडं होता, तो सकाळीच तापानं आडवा झाला. तालमी ऐकून अख्खं नाटक पाठ झालेला माणूस एकच, शिडीवरचा निवृत्ती.

"काम कर आणि मागच्या दारानं निघून जा," साहेब म्हणाले.

"आन् फौज? सरदार एकटाच रोम घेणार व्हय?"

"दोन माणसं आण. भाले धरून उभी राहतील."

"आणतो की," निवृत्ती म्हणाला. दोन का पंधरा, हे काही तो बोलला नाही.

आता विंगेत त्याला चैन पडेना. चिकटवलेली दाढी टोचत होती. दोनदा पाणी प्याला, चारदा मागचं दार बघून आला. दाराबाहेर पंधरा जण पोत्यांचे अंगरखे घालून घामाघूम. हॉलमध्ये पहिल्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखीव, आणि पाहुणे आलेच नव्हते. पण साहेबांनी वॉचमनला नुसती मान हलवली की खलास.

"मामा, एका जागी उभं ऱ्हावा की," दारातून डोकं आत घालून भाचा बाबू कुजबुजला. "स्टेज हलतंय."

"म्याच ठोकलंय. न्हाई हलायचं."

पडदा सरकला. निवृत्ती गरजला, "महाराज, तुमच्या सीमा आम्ही राखल्या, तुमच्या लढाया आम्ही लढलो! माझ्या शिपायांनी जमिनीचा तिसरा हिस्सा मागितला, तुमच्या वडिलांनी दिला नाही!" हे लिहिलेलंच होतं, शब्दही इकडचा तिकडं नाही. मग त्यानं तलवार उचलली आणि पंधरा जण आत घुसले.

साहेब ओठ न हलवता म्हणाले, "दोन म्हणालो होतो ना!"

"रोम मोठं हाय, साहेब."

मुकुट उतरला. आता फौजेनं विंगेत जायचं होतं. निवृत्ती ओरडला, "गड्यांनो, रोम आपलं! बसा!" आणि फौज पायऱ्या उतरून, भाले गुडघ्यांत धरून, थेट राखीव खुर्च्यांवर.

दारातून वॉचमन मन्सूर पुढं आला. "सर, निकालूँ क्या?"

साहेबांचा हात अर्धा वर गेला. तेवढ्यात मागनं पहिली टाळी पडली, मग दुसरी, मग सगळा हॉल उठून टाळ्या पिटायला लागला. लोकांना वाटलं नाटकातच आहे! एवढ्या टाळ्या साहेबांना अकरा वर्षांच्या अध्यक्षपदात मिळाल्या नव्हत्या. वर गेलेला हात हळूच छातीवर आला. साहेब वाकले.

"रहने दो, मन्सूर," ते पुटपुटले. "नाटक है।"

शेवटचं भाषण बाकी होतं: पेन्शन घेऊन समुद्रकाठच्या बंगल्यात निघालेल्या बादशहाचं. साहेब नुसतेच उभे. शब्द आठवेनात.

पहिल्या रांगेतून बाबू म्हणाला, "म्होरं काय झालं, महाराज? सांगा की, आमी बसलोय."

निवृत्ती दाढी ओढून काढत खाली उतरला आणि सोळाव्या खुर्चीत बसला. तिथून, हळूच, त्यानं साहेबांना भाषणाची पहिली ओळ सांगितली.